सात रात्रींची कौटुंबिक क्रूझ : डिस्ने की रॉयल कॅरिबियन?

निळाई

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी मुलांच्या सुट्टीत कॅरिबियनची सात रात्रींची क्रूझ करायची, हे घरात नक्की झालं आहे. कुठली करायची, यावर मात्र दोन तट पडले आहेत. म्हणून तुमच्यापुढे मांडते.

आम्ही पाच जण. आम्ही दोघं, लेक १३ वर्षांची, धाकटा ४ पूर्ण, आणि सासूबाई. आईंनी सत्तरी ओलांडली आहे. गुडघे त्रास देतात, पण हिंडायची हौस दांडगी आहे. महिनाभर चाळणी लावून दोन जहाजांवर आलो आहोत. एक डिस्नेचं 'ट्रेझर', पोर्ट कॅनाव्हरलहून सुटणारं. दुसरं रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज', मायामीहून. दोन्हींना पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत एक दिवस कंपनीच्या स्वतःच्या बहामाज बेटावर असतो.

यजमान डिस्नेच्या बाजूने आहेत, लेक रॉयलच्या. मला दोन्हींतलं थोडं थोडं पटतं आणि त्यामुळेच निर्णय होत नाही. ज्यांनी मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर घेऊन समुद्रप्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दीपस्तंभ

निळाई, तुम्ही कंपन्यांबरोबर जहाजांचीही नावं दिलीत हे फार बरं केलंत. लोक 'डिस्ने चांगली की रॉयल चांगली' एवढंच विचारतात आणि त्या प्रश्नाला उत्तरच नसतं. रॉयलच्या ताफ्यात १९९६ चं 'ग्रँड्यूर ऑफ द सीज' आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेलं तुमचं 'आयकॉन'ही आहे. दोन्हींच्या नाकावर एकच बोधचिन्ह, पण आत गेल्यावर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध लागत नाही. डिस्नेतही १९९८ चं 'मॅजिक' आणि डिसेंबर २०२४ चं 'ट्रेझर' यांत असाच फरक. तेव्हा कुणी 'आम्ही अमुक कंपनीने गेलो होतो, मस्त होतं' म्हणालं, तर कुठल्या जहाजाने ते आधी विचारा.

दुसरी गोष्ट. पाच जणांच्या आवडींची सरासरी काढत बसू नका. जहाजावर ज्याच्याकडे पर्याय सर्वांत कमी उरतात, त्याच्या बाजूने विचार करा. तुम्ही दोघं कुठेही रमाल. चार वर्षांच्या मुलाला दोन्हीकडे किड्स क्लब आहे. उरल्या लेक आणि सासूबाई. या दोघींपैकी एकीला जरी सात दिवस 'आता काय करू' असं झालं, तरी त्याचा ताण सगळ्यांवर येतो. तुमचं उत्तर तिथे सापडेल असं मला वाटतं.

शिंपला

४ वर्षांचा मुलगा असेल तर डोळे मिटून डिस्ने. आम्ही केली आहे आणि संधी मिळाली तर पुन्हा करू.

कारण फक्त मिकी-मिनी नाही. जेवणाची पद्धत बघा. तीन रेस्टॉरंटं असतात आणि तुम्ही रोज एकातून दुसऱ्यात जाता. वाढणारी माणसं मात्र तीच, ती तुमच्याबरोबर रेस्टॉरंट बदलतात. ऐकायला साधं वाटतं, पण लहान मूल असलेल्या आईबापांना यासारखं सुख नाही. दुसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आत मुलाचा झाकणाचा पेला टेबलावर तयार होता, रंगीत खडू ठेवलेले होते आणि त्याचं ताट आमच्या आधी आलं. तिसऱ्या रात्री तो स्वतःच त्यांना शोधायला लागला. जेवण अर्ध्यावर आलं की क्लबची माणसं मुलांना न्यायला येतात ती सोयही विचारून घ्या. मुलं खेळायला जातात, मोठ्यांचं जेवण शांतपणे होतं.

दुसरं, न्हाणीघर. डिस्नेच्या बहुतेक केबिनमध्ये ते दोन भागांत असतं. एका भागात बेसिन आणि संडास, दुसऱ्यात बेसिन आणि आंघोळीची जागा. बंदरावर उतरायच्या दिवशी सकाळी एकाच केबिनमध्ये चार माणसं तयार होत असतात, तेव्हा त्या जास्तीच्या दाराचं महत्त्व कळतं.

आणि डिस्नेच्या जहाजांवर कॅसिनो नाही. जाता-येता तो धूर आणि गोंगाट नाही. जेवताना आणि डेकवरच्या यंत्रांवर शीतपेयं तिकिटातच येतात. रॉयलवर पाणी, चहा, साधी कॉफी मिळते, पण सोड्याची पेयं वेगळी विकत घ्यावी लागतात.

डोलकाठी

शिंपला यांच्या जेवणाच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पण १३ वर्षांच्या मुलीचं काय?

या वयाची मुलं सुट्टीवर आईबापांबरोबर येतात खरी, पण त्यांना दिवसभर आईबापांबरोबर राहायचं नसतं. 'आयकॉन'वर सहा घसरगुंड्यांचा वॉटरपार्क आहे, सर्फिंगचं यंत्र आहे, चढायची भिंत आहे, बर्फाचं स्केटिंग आहे, आणि पाण्यातल्या कसरतींचं स्वतंत्र थिएटर आहे. यातलं काहीही करताना तिला तिच्या वयाची मुलं आपोआप भेटतात. ओळख करून घ्यायला क्लबमध्ये जाऊन बसावं लागत नाही. लाजाळू मुलांसाठी हे मोठं आहे. समोरासमोर बसून 'तुझं नाव काय' करण्यापेक्षा रांगेत उभं राहून बोलणं सोपं जातं.

डिस्नेतही किशोरवयीन मुलांची सोय उत्तम आहे, हे मान्य. ११ ते १४ साठी 'एज' आणि १४ ते १७ साठी 'व्हाइब'. पण तुमची लेक एका गटाच्या वरच्या टोकाला आहे, म्हणजे तिथे ११ वर्षांची मुलंही असणार. जहाज सुटायच्या तारखेला तिचं वय किती असेल ते आधी बघा. वाढदिवस मध्ये येत असेल आणि तारखा थोड्या मागेपुढे करता येत असतील, तर जरूर करा. धाकट्याच्या बाबतीत तो प्रश्न नाही. दोन्हीकडे क्लब तिसऱ्या वर्षापासून आहे, फक्त मूल स्वतः संडासला जाणारं हवं. तिथली माणसं डायपर बदलत नाहीत.

कोवळे_ऊन

या धाग्यातला प्रश्न वेगळा आहे, पण विचारते. आमची मुलगी दीड वर्षाची असेल. तिला तलावात सोडता येईल का?

डोलकाठी

मुख्य तलावात नाही. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांना तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे स्वच्छतेचे नियम लागतात. डायपरमधल्या मुलांना, अगदी पोहायचा खास डायपर घातला तरी, साध्या तलावात उतरता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या गाळणीची पाणी उडवायची छोटी जागा असते, ती दोन्ही कंपन्यांच्या नव्या जहाजांवर आहे. बुक करायच्या आधी डेकच्या नकाशावर ती कुठे आहे बघून घ्या. आणि बाळ किमान सहा महिन्यांचं हवं, सलग बरेच दिवस समुद्रातच असणाऱ्या काही प्रवासांना एक वर्षाचं.

निळाई

खूप आभार. दीपस्तंभ, तुमचं म्हणणं वाचून काल रात्री दोघींना समोर बसवून विचारलं. आत्तापर्यंत आम्ही दोघंच त्यांच्या वतीने बोलत होतो.

लेक म्हणाली, "मला कुठलंही चालेल, पण मला रोज रात्री नऊला केबिनमध्ये परत बोलावू नका." आई म्हणाल्या, "मला दिवसातून एकदा सगळे एका टेबलावर जेवायला हवेत. बाकी वेळ मी समुद्र बघत बसेन." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि रात्री उठायला लागतं गं मला, दोन-तीनदा. तुमची झोपमोड नको."

आईंनी हे आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आम्ही पाच जणांची एक मोठी केबिन बघत होतो.

गर्दीबद्दलही कुणी सांगेल का? 'आयकॉन' जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाजांपैकी आहे, म्हणून आईंची काळजी वाटते.

सुकाणू

गर्दीवर आकडे देतो, कारण यावर लोक नुसत्या अंदाजाने बोलतात.

'आयकॉन' २,४८,६६३ ग्रॉस टनांचं आहे. ग्रॉस टन हे वजन नाही, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप आहे. प्रत्येक केबिनमध्ये दोघं धरले तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००. म्हणजे माणशी साधारण ४४, आणि जहाज खच्चून भरलं तर ३३ च्या आसपास.

'ट्रेझर' सुमारे १,४४,००० ग्रॉस टनांचं, केबिन १,२५६. दोघं धरले तर माणशी ५७. कागदावर डिस्ने फार ऐसपैस दिसते. पण डिस्नेच्या जहाजावर केबिनमध्ये दोघंच असं क्वचित असतं. कुटुंबं तिघं-चौघं राहतात. जास्तीत जास्त ४,००० प्रवासी धरले तर हा आकडा ३६ वर येतो. शाळांच्या सुट्टीत दोन्ही जहाजं वरच्या आकड्याजवळ असणार, तेव्हा तुलना ३३ आणि ३६ ची करा. फरक आहे, पण जाहिरातीतून वाटतो तेवढा नाही.

गर्दी कुठे जाणवते हे त्याहून महत्त्वाचं. जहाजावर चढताना, उतरताना, जेवणाच्या सुरुवातीला लिफ्टपाशी आणि समुद्रातल्या दिवशी दुपारी तलावापाशी. बाकी वेळ एवढी माणसं जातात कुठे असं वाटावं इतकी शांतता सापडते. 'आयकॉन'वर मधोमध खरी झाडं लावलेली बाग आहे, संध्याकाळी तिथे आई आरामात बसतील. मोठ्यांसाठी 'आयकॉन'वर 'क्लाउड १७' ही फक्त प्रौढांची जागा आहे. डिस्नेवरही फक्त प्रौढांसाठी राखलेला डेक आणि तलाव असतो. समुद्र बघत बसायचं असेल तर दोन्हीकडे ठिकाणं आहेत.

कार्यक्रमांबाबत एक फरक. 'आयकॉन'वर मोठ्या खेळांची जागा ॲपवर आधी राखून ठेवावी लागते. नाही ठेवली तर रांगेत उभं राहून उरलेल्या खुर्च्यांची वाट बघायची. आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, म्हणून ॲपवर आरक्षण उघडलं की त्याच दिवशी करून टाका. डिस्नेवर जेवणाच्या दोन पाळ्या असतात आणि मुख्य खेळही त्या बेताने दोनदा होतो.

शिंपला

सुकाणू, हिशोब बरोबर आहे, तरी एक सांगते. जागा किती यापेक्षा ती जागा कोणासाठी बांधली आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डिस्नेच्या जहाजावर लहान मुलाने भर जेवणात रडायला सुरुवात केली तर शेजारच्या टेबलावरचे वळून बघत नाहीत. ती निश्चिंतता मला मोलाची वाटते.

डोलकाठी

'आयकॉन'वर तरी ती अडचण येऊ नये. 'सर्फसाइड' नावाचा एक अख्खा भाग लहान मुलांच्या कुटुंबांसाठी आहे. पाण्याचे खेळ, फिरतं चक्र, खाण्याची जागा आणि मोठ्यांना बसायला सावली, सगळं एका ठिकाणी. त्या भागात मोठ्यांच्या पार्टीची धामधूम नाही.

संथलाट

निळाई, मी तुमच्या सासूबाईंच्या वयाची आहे आणि मुला-सुनेबरोबर अशा प्रवासांना जाते, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते.

पहिलं, बंदरं बघा. जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात नांगर टाकून छोट्या लाँचने किनाऱ्यावर नेतात? ग्रँड केमनला क्रूझचा धक्का नाही. तिथे बांधावा की नाही यावर एप्रिल २०२५ मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. म्हणजे तिथे लाँचच. लाट असेल तर लाँच आणि जहाज यांच्या मधली फळी वरखाली होते. दोन खलाशी दोन्ही दंडांना धरतात आणि "आता" म्हणाले की पाऊल टाकायचं. तरण्या माणसाला त्यात काही वाटत नाही, पण गुडघा ऐनवेळी दगा देणाऱ्याला फार भीती वाटते. चाकाची खुर्ची असेल आणि समुद्र खवळलेला असेल, तर नेतही नाहीत. 'ट्रेझर'च्या पश्चिमेकडच्या फेरीत ग्रँड केमन आहे. पूर्वेकडच्या फेरीतल्या टॉर्टोला आणि सेंट थॉमसला धक्के आहेत. 'आयकॉन'च्या पूर्वेकडच्या फेरीत सेंट मार्टेन आणि सेंट थॉमस येतात, तिथेही धक्के. कंपनी कुठलीही घ्या, मार्ग पूर्वेकडचा घ्या. कंपन्यांच्या बेटांवर, म्हणजे डिस्नेच्या कॅस्टअवे के आणि रॉयलच्या कोकोके इथे, जहाज थेट धक्क्याला लागतं.

दुसरं, चालणं. 'आयकॉन' ३६५ मीटर लांब आहे, 'ट्रेझर' ३४१. पुढच्या टोकाला केबिन आणि जेवण मागच्या टोकाला असं झालं, तर दिवसातून चार खेपांतच पाय बोलायला लागतात. केबिन मधल्या लिफ्टजवळ मागा, पण लिफ्टला अगदी चिकटून नको, रात्री माणसांचा आवाज येतो. मध्यावरची आणि खालच्या मजल्यांवरची केबिन हलतेही कमी. बोट लागण्याची भीती असणाऱ्याने टोकाची आणि वरची केबिन टाळावी. एवढ्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यामुळे डावी-उजवी डोलणं बरंच आवरलं जातं. तरी एखाद्या रात्री समुद्र आपलं अस्तित्व दाखवतोच. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. आधीची औषधं चालू असतील तर नक्कीच, आणि मुलांची मात्रा वेगळी असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

तिसरं, चढताना बंदरावर चाकाची खुर्ची मागायला आईंनी संकोच करू नये. मी मागते. रांगेतला तास-दीड तास वाचतो आणि पहिल्याच दिवशी दमणूक होत नाही.

आणि त्या रात्री उठण्याबद्दल बोलल्या ना, ते मनावर घ्या. आमच्या वयाची बाई हे एकदाच सांगते.

भरतीओहोटी

खर्चाचं लिहितो. तारखांप्रमाणे दर बदलतात म्हणून आकडे देत नाही, फक्त काय काय मोजायचं ते सांगतो.

एकाच केबिनमधल्या पहिल्या दोघांचं भाडं पूर्ण असतं, तिसऱ्या-चौथ्याचं बहुधा कमी. म्हणून एका केबिनमध्ये जास्त माणसं घालणं स्वस्त दिसतं. पण पाच जण झाले की बहुतेक साध्या केबिन बाद होतात, कारण त्या चौघांच्या असतात. मग मोजक्याच मोठ्या केबिन उरतात आणि त्या लवकर संपतात. कधीकधी केबिनमध्ये खाट असते, पण त्या विभागाच्या जीवरक्षक नौकांची मर्यादा भरलेली असल्याने तिसरं-चौथं माणूस घेत नाहीत. म्हणून पाच जणांसाठी दोन केबिनचा दर अवश्य काढा. जोडलेल्या दाराच्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर समोरासमोरच्या.

डिस्ने सारख्याच तारखांना साधारण महाग पडते हे सगळ्यांना माहीत आहे. रॉयलचं तिकीट हातात घेऊन आनंद मानायच्या आधी मात्र पुढच्या गोष्टी मिळवा : शीतपेयांचं पॅकेज, कोकोकेवरचा वॉटरपार्क (तो वेगळे पैसे देऊनच आहे, बेटावरचा किनारा, तलाव आणि लहान मुलांची पाण्याची जागा तिकिटात येते), इंटरनेट, खास रेस्टॉरंटं. दोन्हीकडे रोजची टिप माणशी लागते आणि चार वर्षांच्या मुलाचीही लागते. बंदराचे कर दरात धरले आहेत की नाहीत, तेही बघा. विमा घेताना जहाजावरचे वैद्यकीय उपचार आणि जहाजावरून तातडीने हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचून बघा. घरचा आरोग्यविमा समुद्रात बहुधा चालत नाही. आई बरोबर आहेत म्हणून हे जास्तच महत्त्वाचं.

पांथस्थ

थोडं कागदपत्रांचं आणि हवेचं.

अटलांटिकचा वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातला मध्य ऑगस्ट ते मध्य ऑक्टोबर हा सगळ्यात जोराचा. वादळ आलं तर जहाज बुडायची भीती नाही, ते बाजूला निघून जातं. पण मार्ग बदलतो. पूर्वेकडचं तिकीट काढून पश्चिमेकडे जाऊन आलेले लोक कमी नाहीत आणि करारात तो अधिकार कंपनीकडे असतो. संथलाट यांनी सांगितलेला धक्क्याचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल, तर हा हंगाम टाळता आला तर बघा.

व्हिसा प्रत्येकाच्या पासपोर्टाप्रमाणे बदलतो, पण एक तत्त्व सगळ्यांना लागू आहे. ज्या देशातून जहाजावर चढता, त्या देशात आठवड्याने पुन्हा प्रवेश करता. व्हिसा लागत असेल तर तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. मार्गावरच्या प्रत्येक बेटाचा नियम वेगळा बघा. पासपोर्टाची मुदत प्रवास संपल्यावर सहा महिने तरी उरलेली असावी.

बंदराच्या गावी आदल्या दिवशीच पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. बंदरावर फिरायला उतरल्यावरही तेच : जहाजाच्या सहलीने गेलात आणि उशीर झाला तर थांबतात, स्वतः गाडी करून गेलात तर नाही. ४ वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे बरोबर असताना परतीला भरपूर वेळ हाताशी ठेवा.

निळाई

मंडळी, ठरलं.

'आयकॉन ऑफ द सीज', पूर्वेकडचा मार्ग, मध्यावर समोरासमोरच्या दोन केबिन. आमची तिघांची बाल्कनीची, आई आणि लेकीची समोरची आतली, म्हणजे खिडकी नसलेली. आमच्या तारखांना डिस्नेच्या पाच जणांच्या केबिनपेक्षा या दोन मिळून कमी झाल्या, शीतपेयांचं पॅकेज आणि कोकोकेचा वॉटरपार्क धरूनसुद्धा. मुख्य म्हणजे आईंना स्वतःचं न्हाणीघर आणि स्वतःचं दार मिळालं. रात्री उठल्या तर चार माणसांच्या बॅगांतून वाट काढावी लागणार नाही. लेकीला आजीबरोबर खोली चालेल का म्हणून विचारलं, तर ती खूशच झाली. आजी नऊला झोपते आणि ती परत कधी आली हे विचारत नाही, हे तिने आधीच हेरलं आहे. त्यावर साडेदहाची वेळ आम्ही ठरवून घेतली आहे.

धाकट्याला चित्रातल्या पात्रांपेक्षा पाण्याचं वेड जास्त. शिंपला, तुम्ही लिहिलेलं जेवणाचं वाचून मी खरंच डिस्नेकडे वळले होते. मुलगा एकटा असता आणि आम्ही तिघंच असतो, तर तीच घेतली असती. आता मुख्य जेवणघरात रोज एकाच वेळेची, एकाच टेबलाची पाळी घेतली आहे. वाढणारी माणसं तिथेही तीच राहतील आणि आईंची एका टेबलाची अटही पाळली जाईल.

दोन शंका उरल्या आहेत. चार वर्षांच्या मुलाबरोबर बाल्कनी घ्यावी का? आणि पहिल्या दिवशी काय हाताशी ठेवू?

शिंपला

छान निर्णय. तुमच्या घरासाठी हाच योग्य आहे. आमच्या घरी आजीआजोबा नव्हते, तो फरक माझ्या लक्षात आला नव्हता. एक विनंती, जेवायला बसल्यावर पहिल्याच रात्री वाढणाऱ्यांना मुलाच्या आणि आईंच्या सवयी, पथ्यं, ॲलर्जी सगळं मोकळेपणाने सांगा. त्यांना ते ऐकायला आवडतं.

डोलकाठी

बाल्कनी घ्या. दाराची कडी मुलाच्या हाताला लागते का, ते आधी तपासा. कठडा उंच असतो. धोका असतो तो खुर्चीचा. केबिनमध्ये गेल्या गेल्या बाल्कनीतल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब, भिंतीला लावून ठेवा आणि साफसफाईनंतर रोज पुन्हा बघा, कारण केबिन आवरणारे त्या जागच्या जागी सरकवतात. मूल एकटं कधीच बाहेर नाही, हा नियम लेकीलाही सांगा.

बुकिंगच्या कागदावर बाल्कनीचा प्रकार मात्र आजच तपासा. 'आयकॉन'वर काही बाल्कन्या समुद्राकडे नसून आतल्या बागेकडे किंवा सर्फसाइडकडे उघडतात. सर्फसाइडकडची घेतली असेल तर धाकटा दिवसभर खाली बघत राहील, पण दुपारच्या झोपेच्या वेळी खालून मुलांचा कलकलाट येईल. आणि आईंना समुद्र बघत बसायला तुमच्याच बाल्कनीत यायचं आहे, म्हणजे ती समुद्राकडचीच हवी.

पहिल्या दिवसाचं : मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून एका पाठपिशवीत सगळ्यांचे पोहायचे कपडे, आईंची औषधं, धाकट्याचे जास्तीचे कपडे, चार्जर आणि पासपोर्ट ठेवा. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली आणू नका, काढून घेतात. प्लग वाढवायची पट्टीही तशीच. साबणाने हात धुण्याची सवय मुलांना आत्तापासून लावा, जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

जहाज सुटायच्या आधी सुरक्षेचा सराव असतो. २०१२ च्या 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'च्या अपघातानंतर त्याचे नियम कडक झाले. रॉयलवर व्हिडिओ फोनवर बघून मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची असते. आईंचा व्हिडिओ तुमच्याबरोबरच बघा आणि चढल्यावर तलावाकडे पळायच्या आधी हजेरी उरकून टाका, उशिरा गेलं की तिथेच रांग लागते. लहान मुलांच्या मनगटावर त्या जागेचा क्रमांक असलेला पट्टा बांधतात. धाकटा तो काढायला बघेल, पण सातही दिवस हातावरच राहू द्या. आणि दोन केबिन आहेत म्हणून दोन्हींची ठरलेली जागा एकच आहे ना, ते आधी बघा. वेगळी निघाली तर पहिल्याच दुपारी गेस्ट सर्व्हिसच्या टेबलावर जाऊन सांगा, म्हणजे प्रत्यक्ष वेळ आली तर कोणी कोणाकडे जायचं हे आधीच ठरवता येईल.

निळाई

बाल्कनी तपासली. समुद्राकडचीच आहे. पट्ट्याचं आणि हजेरीच्या जागेचं लिहून ठेवलं.